चौघांत एक

राजारामपुरीतनं घेतला, आठ हजार चारशेला,
दिवाळीचा बोनस खिशात गरम असताना.
साबणाच्या वडीएवढा, चंदेरी.
पावती भूपाल चौगुलेच्या नावानं फाटली,
कारण दुकानदार आमची चर्चा ऐकून कंटाळला होता
आणि भूपाल सगळ्यात पुढं उभा होता.

एकेकाला एक आठवडा.
सोमवारी उद्यमनगरात लेथ सुरू व्हायच्या आधी
जेवणाचा डबा द्यावा तसा हातातून हातात.
नियम एकच : सेल ज्याचे त्यानं घालायचे.
दिलावर शिकलगार भिंतीवरच्या घड्याळातले काढून घालायचा.
दोन फोटो झाले की कॅमेरा डोळा मिटायचा
आणि पुन्हा जागा झाला की आधी तारीख विचारायचा.
कोण भरत बसतंय तारीख?
म्हणून वत्सलाच्या पोराचं बारसं, माझ्या धाकटीचं लग्न,
जोतिबाची चैत्री यात्रा,
सगळं एक जानेवारी दोन हजार पाचला झालं,
रात्री बारा वाजून काही मिनिटांनी.

खोट एवढीच,
बटण दाबलं की तो जरा विचार करायचा.
अर्धा सेकंद असेल.
'हसा' म्हटल्यावर माणसं हसायची,
हसून संपायची,
मग खट्.
खासबागेत वत्सलाच्या भावानं ढाक मारली, मी दाबलं,
फोटोत ढाक नाही, नंतरची माती,
आणि उताणा पडलेला कुणाचा तरी पोरगा आभाळ बघतोय.
गंगावेशीत म्हशीची धार ग्लासात पडताना दाबलं,
आली ती दिलावरची पांढरी मिशी आणि रिकामा ग्लास.
वत्सला म्हणायची, ह्यो उशिराचा पाव्हणा हाय,
पंगत उठल्यावर येतोय
आणि खरकटं बघून जातोय.

यात्रेतला गुलाल लेन्समध्ये गेला.
लक्ष्मीपुरीतला म्हणाला, उघडायचे सहाशे,
बंद करायचे वेगळे.
दिलावरनं सुई घेतली, फुंकर घातली, सोडवला.
तरी पुढच्या प्रत्येक फोटोत
उजव्या कोपऱ्यात एक गुलाबी ठिपका राहिला.
आम्ही त्याला चांगभलं म्हणायचो.

मग खिशाखिशात मोबाईल आले.
सोमवार कुणी मोजेना.
वत्सलानं कोअर शॉपचं काम सोडलं,
तिच्या वाटणीचे एकवीसशे घेऊन आम्ही घरी गेलो,
तर चहा ओतत म्हणाली,
ऱ्हाऊ द्या, माझा एक आठवडा शिल्लक हाय म्हणून धरा.

भूपाल गेला तेव्हा
फ्लेक्सवाल्याला समोर बघणारा फोटो पाहिजे होता.
मोबाईलमध्ये त्यानं नातवंडं काढली होती, म्हशी काढल्या होत्या,
नवा पूल काढला होता.
स्वतः कुठं नव्हता.
कपाटातून मी कॅमेरा काढला.
कार्डात भूपाल एकोणीसदा.
एकोणीसही ठिकाणी पोज संपलेली,
खांदे सैल, मान जरा डावीकडं,
तोंड अर्धवट उघडं :
आला का रे?
दरवेळी हेच विचारायचा, आणि दरवेळी
विचारतानाच यायचा.

फ्लेक्सवाला म्हणाला, तोंड मिटलेला नाही का एखादा?
त्रिशलावहिनी बराच वेळ त्या बोटभर काचेकडं बघत राहिल्या.
असाच असायचा घरी, म्हणाल्या. लावा.

आठवडाभर तो चौकात टांगलेला होता,
कोपऱ्यात चांगभलं,
खालून टेम्पो, कास्टिंगचे ट्रक, शाळेच्या रिक्षा,
सगळ्यांना विचारत, आला का?
दिलावर सायकल उभी करून
एकदा हळूच म्हणाला, आला, आला.
मला वाटतं मी ऐकलेलं त्याला कळलं नाही.

सोमवारी कॅमेरा वहिनींना द्यायचा ठरला.
पावती त्यांच्याच घरातली.
सेल मी घातले, दोन्ही नवे.
करकर करत लेन्स बाहेर आली,
आणि त्यानं तारीख विचारली.
आकडे बारीक होते.
चष्मा सापडेपर्यंत
त्यानं डोळा मिटला होता.